पुठ्ठ्याचा नमुना

“सर, पुठ्ठ्याचा नमुना आणलात?” वेल्डर दस्तगीरने विचारले.

माझ्या दिवंगत मुलाने घरीच जुन्या गाडीला टर्बो बसवायला घेतला होता. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा शेवटचा पाइप तेवढा राहिला. त्यासाठी मी अ‍ॅल्युमिनियमची नळी आणली होती.

“नळी कुठंबी मिळती. ती वाकवायची कुठं, ते त्यानं गाडीखाली झोपून पुठ्ठ्यावर लिहिलं होतं.”

चिकटपट्ट्यांनी जोडलेला, पेन्सिलीच्या आकड्यांनी भरलेला तो पुठ्ठा तेराव्याआधी घर आवरताना मीच रद्दीवाल्याला दिला होता. मी तसे सांगितले.

“मापं मी नव्यानं घेतो,” तो म्हणाला. “त्याच्या हातचं दुसरं काही असंल की घरात.”

चाळीस वर्षे मी प्राचीन हस्तलिखिते जमवतो आहे. वाळवीने खाल्लेले अर्धे पानही टाकलेले नाही. कपाटांत नऊशे आहेत, सगळी परक्यांची.