कोपऱ्यापासून घरापर्यंत

"काकू, तुम्हीच मला हा सबवूफर काढायला लावला होता," डिकी उघडत मी म्हणालो.

"तेव्हा त्याच्या दणक्यानं रॅकवरचा काचेचा जग फुटला होता. आता परत बसव."

काका गेल्यापासून गाडी दारातच उभी होती. सबवूफरचा तो पलंगाखालचा जाडजूड खोका काकूंनी स्वतः पुसून आणला होता. मी तो डिकीत पट्ट्यांनी आवळला, वायरी जोडल्या आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"मला कुठे चालवता येते? तूच कोपऱ्यापासून घेऊन ये. गाणं ह्यांच्या आवडीचं लाव. मी स्वयंपाकघरात थांबते."

गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी आवाज पूर्ण वाढवला आणि सावकाश घराकडे निघालो. सीट पाठीला धडका देत होती. दारात पोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीची तावदानं थरथरत होती.

खिडकी खाडकन उघडली. "अहो, आवाज कमी करा! सगळी भांडी खाली येतील!"

मी घाबरून आवाज अगदी बारीक केला.

काकू खिडकीचा गज धरून उभ्या होत्या.

"कमी कशाला केलास?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी कधी केला होता का?"