पकड सुटते

यज्ञेशनं मांडीवर वही उघडली, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "सर, दुसऱ्या भागात नेमकं कुठं बिघडलंय?"

मुकुलनं चहाचा कप तोंडाला लावला. चहा पोळत होता, तरी त्यानं मोठा घोट घेतला.

लातूरच्या एका दैनिकात गेली अकरा वर्षं तो दर रविवारी सिनेमावर लिहायचा. मागच्या रविवारी यज्ञेशच्या पहिल्याच सिनेमावर लिहिलं होतं. पहिल्या भागाचं कौतुक होतं आणि खाली एक ओळ होती, 'मध्यंतरानंतर मात्र दिग्दर्शकाची पकड सुटते.' त्या एका ओळीपायी हा तिशीतला शाळामास्तर उमरीहून गाड्या बदलत आला होता आणि पत्ता विचारत विचारत दारात उभा राहिला होता. भांडायला आला असता तर मुकुलला जड गेलं नसतं. पण तो शिकायला आला होता. सिनेमा पुढच्या आठवड्यात एका महोत्सवाला पाठवायचा होता, त्याआधी चुका दुरुस्त करायच्या होत्या.

सिनेमा बघायला गेला त्या दिवशी मुकुल मध्यंतरालाच उठला होता. मनस्विनीला, त्याच्या बायकोला, थांबायचं होतं. "शितावरून भाताची परीक्षा. दिग्दर्शक पहिल्या वीस मिनिटांत कळतो," असं म्हणून तो जिना उतरू लागला, तेव्हा तीही पर्स उचलून मागोमाग आली. आता चहा देऊन ती आत गेली नव्हती. दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती.

मुकुलनं आधी जपानी दिग्दर्शकांचा संयम सांगितला. मग इराणी दिग्दर्शकांवर आला. न दाखवता कसं सांगावं, आपल्याकडच्यांना रडवल्याशिवाय का राहवत नाही, हे सगळं त्याचं पाठ होतं. गावातल्या चित्रपट मंडळात ते ऐकायला माणसं येत. यज्ञेशनं दोन पानं भरून लिहून घेतलं. मग मान वर करून म्हणाला, "हे पटलं सर. पण माझ्या सिनेमात कुठं?"

सिनेमा एसटीतल्या एका बाई कंडक्टरचा होता. म्हणजे शेवटाकडे गाडी असणारच.

"तो बसमधला प्रसंग," मुकुल म्हणाला. "शेवटाकडचा. फार लांबलाय."

"कंधारच्या अलीकडं गाडी बंद पडती, तो?"

"तोच."

यज्ञेशचं पेन थांबलं. तो सांगू लागला. एडिटरही हेच म्हणाला होता, त्याच्याशी तो लई भांडला होता. चार मिनिटं त्यात एक शब्द नव्हता. काम करणारी बाई उमरीच्या अंगणवाडीतली. कॅमेऱ्यापुढं जन्मात उभी राहिली नव्हती, आणि तिनं ती चार मिनिटं एका दमात दिली होती.

"सगळा सिनेमा त्या चार मिनिटांसाठीच केला, असं वाटायचं मला," तो म्हणाला. "पण तुम्हीबी तेच म्हणताय म्हणल्यावर काढतो."

त्यानं वहीत लिहिलं, 'बस – काढणे.' आणि खाली रेघ ओढली.

थांबवायचं तर आत्ताच, हे मुकुलला कळत होतं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "निर्णय शेवटी तुमचा."

यज्ञेशनं मान हलवली. काढून टाकायच्या आधी एकदा हातात धरून बघावं, तसा तो बसचा प्रसंग सांगत बसला. गाडी बंद पडते. माणसं उतरून दुसऱ्या गाडीनं निघून जातात. बाई रिकाम्या गाडीत एकटीच बसते. मग तिकिटाचं मशीन घेते, लेकराचं एक अर्धं तिकीट काढते, आपल्या बटव्यातले पैसे कंडक्टरच्या बॅगेत टाकते. तिकिटाची घडी करून बटव्यात ठेवते. बस्स.

"कुणाच्या लेकराचं?" मनस्विनीनं विचारलं.

हनुवटीखाली हात घेऊन ती ऐकत होती. ऐकण्याच्या नादात विचारून गेली. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि तिनं मुकुलकडे पाहिलं. यज्ञेशनं तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मुकुल कपाच्या तळाशी राहिलेली चहापत्ती बघत होता.

"तिच्याच पोरीचं, वहिनी," यज्ञेश हळू आवाजात म्हणाला. "पोर आजोळी असती, निलंग्याला. आईच्या गाडीत एकदाबी बसलेली न्हाई. इंटरवलनंतर येतं ते."

मग त्यानं उरलेला सिनेमा मनस्विनीला सांगितला. मुकुलही तिथंच होता. एका जागी यज्ञेश पाणी प्यायला थांबला, तेव्हा पुढं काय झालं ते विचारावं असं मुकुलला फार वाटलं. पण विचारायला त्याला तोंड नव्हतं.

यज्ञेश निघाला, तेव्हा मुकुल त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. माफी मागायची, असं ठरवूनच चपला घातल्या होत्या. फाटकाशी तो म्हणाला, "त्या दिवशी हिचं डोकं फार दुखत होतं. म्हणून उठावं लागलं."

दारात उभी असलेली मनस्विनी आत निघून गेली.

"असतंय सर," यज्ञेश म्हणाला. चार पावलं जाऊन तो परत वळला. "मग तो बसचा प्रसंग ठेवू ना, सर?"

मुकुलनं मान डोलावली. टोमणा असेल म्हणून त्यानं त्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. नव्हता.