हवाबंद भिंत

कमी इंधनात ऊबदार राहणारं घर बांधायला शिकवणाऱ्या वर्गाची आज परीक्षा होती. घरातून हवा निसटली तर अख्खी टोळी नापास. दारातला पंखा आत हवा कोंबत होता, पण दाबाचा काटा पासच्या खुणेपर्यंत चढेना. गवंड्याचं डोकं सणकलं. "वायरी ओढताना तूच माझी भिंत फोडलीस!" त्याने वायरमन मेहुण्याची गचांडी धरली. "नाही हो, दाजी..." तो म्हणेपर्यंत थापीची मूठ तोंडावर बसली. समोरचा दात पडला, तरी लाथा थांबेनात. वर्गाच्या बाई ओरडून दमल्या. शेवटी त्यांनी धुराची कांडी पेटवून भिंतीपुढे धरली. धूर सरळ गवंड्याच्या टांगलेल्या शर्टाकडे गेला आणि त्यामागे भिंतीत गडप झाला. कामाला लागण्याआधी भिंतीत खिळा ठोकून शर्ट अडकवायची त्याची जन्माची खोड. उगारलेली लाथ हवेतच राहिली. मेहुणा रक्त थुंकला. "दाजी, शर्ट द्या. तोंड पुसतो."