पिशवीतला ताम्रपट

गौरवीनं मासळीवालीकडून इसवणाचे चांगले जाड तुकडे निवडून घेतले, तेव्हा विठूच्या मनात पाल चुकचुकली. तिचा नवरा, म्हणजे विठूचा एकुलता एक परेश, सुदानच्या यादवीत अडकलेला. खार्टूममध्ये भररस्त्यात गोळीबार चाललाय, असं टीव्ही रोज सांगत होता. विठूच्या घशाखाली पेजसुद्धा उतरत नव्हती. आणि सून मासळी निवडून घेत होती.

तसं त्याला आधीपासूनच खटकत होतं. पहिले काही दिवस ती रडरड रडली. मग एका सकाळी रडणं थांबलं ते थांबलंच. फोन वाजला की ती विहिरीकडे जायची, विठू दिसला की फोन बंद करायची. विचारलं तर माहेरचा होता म्हणायची. माहेराशी एवढं काय कुजबुजायचं? नवऱ्याची आशा सोडून हिनं दुसरंच काही मनात धरलं की काय, इथवर विठूचं डोकं पोचलं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण संशय काही जाईना.

सरकारवर तर त्याचा भरवसा नव्हताच. जहाजं निघालीत, विमानं निघालीत म्हणे. पण आधी परत कोण येणार? ज्यांची ओळख वरपर्यंत, ते. मग आपणही ओळख दाखवू, असं ठरवून त्यानं वडलांना सरकारनं दिलेला भिंतीवरचा ताम्रपट उतरवला, कापडी पिशवीत घातला आणि हळर्णहून बस धरून पणजीची सरकारी कचेरी गाठली. गोवामुक्तीच्या लढ्यात त्याच्या वडलांनी पोर्तुगिजांचा मार खाल्ला होता. आग्वादच्या तुरुंगात त्यांचा एक कान कायमचा गेला. घरची ओळख काय ती एवढीच.

अधिकाऱ्यानं परेशचं नाव कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा शोधलं, पण सापडलं नाही. मग आवाज खाली आणून विचारलं, "काका, झिलाचो पासपोर्ट भारताचोच न्हय?"

विठूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं ताम्रपट टेबलावर ठेवला.

"ह्याच्यावरचां नाव वाच. तेचो नातू तो."

अधिकाऱ्यानं नाव वाचलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. विठूनं त्यावरूनच ओळखलं. परेश गेला. यांना ठाऊक आहे, सुनेला ठाऊक आहे, फक्त बापाला सांगायची कुणाची छाती होत नाही.

तो तसाच बस धरून घरी आला. गौरवी दारातच उभी होती. परेश आहे की गेला, एवढंच त्यानं विचारलं.

"आसा, बाबा. सुखरूप आसा. चार दीस जाले भायर पडून."

विठू मटकन सोप्यावर बसला. त्याला हसूही आलं आणि रडूही. देवाला हात जोडून झाले, डोळे पुसून झाले, तेव्हा कुठे त्याला राग आला.

"मगीर माका सांगूक ना कित्याक गे?"

गौरवीनं त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"कोणी सोडवलो, तां तुमी विचारतले आशिल्ले. पोर्तुगिजांनी, बाबा. पासपोर्टान तो आता तेंचो."