फाटलेलं चालेल

पंचबाईंनी शर्यतीचा अंगाला घट्ट बसणारा सूट टेबलावर पसरला आणि डाव्या खांद्यावरून बोट फिरवलं. बोट पुढे गेलं, थांबलं, परत मागे आलं.

"इथे काय आहे?"

"रफू," मावशी म्हणाली. "मघाशी घालून बघताना हिचं नख लागलं. दिसतंय का?"

"दिसत नाही. बोटाला लागतंय."

मावशीला ते कौतुक वाटलं. खुर्चीवर पाय पसरून बसलेल्या भाचीला मात्र वाटलं नाही. भिंतीपलीकडे लाकडी ट्रॅक तयार होता. थोड्या वेळानं तिला त्यावर एक तास सायकल चालवायची होती, आणि त्या तासात आजवर कुठल्याही बाईनं कापलं नव्हतं इतकं अंतर कापायचं होतं. सायकल, हेल्मेट, मोजे, सूट, सगळ्यावर सकाळी पंचांच्या तपासणीचा शिक्का बसला होता. शिक्क्यानंतर कशाला हात लावायचा नाही, हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं. मावशी टीममध्ये नव्हती.

"उसवावं लागेल," पंचबाई म्हणाल्या.

इंजिनिअर पुढे आला. भाचीनं पाठ किती वाकवायची, कोपरं किती जवळ ठेवायची, हे सगळं त्यानंच वर्षभर हवेचे झोत सोडणाऱ्या चाचणीच्या बोगद्यात बसवून ठरवलं होतं.

"मॅडम, नखाएवढी रफू आहे. तेवढ्यानं काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर उसवा की."

फरक पडू शकतो हे त्याच्याइतकं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. गुळगुळीत खांद्यावरून हवा लवकर सुटते आणि मागे भोवरे करून माणसाला ओढून धरते. खांदा जरा खरखरीत असला की ती जास्त वेळ अंगाला धरून राहते. त्यामुळे काही जण मुद्दाम टाके घालून आणायला लागले, आणि म्हणून शिक्क्यानंतर टाका घालायचा नाही असा नियम आला.

"दोरासुद्धा वेगळा नाही हो," मावशी म्हणाली. "ह्याच सुटाच्या आतल्या शिवणीचं शेपूट लोंबत होतं, तेवढंच कापून घेतलं."

"म्हणजे आतूनही कापलंत. हे तुम्ही मला सांगायला नको होतं," पंचबाई म्हणाल्या.

इंजिनिअरनं डोळे मिटले.

"बरं, उसवल्यावर भोक राहील, त्याचं काय?" त्यानं विचारलं.

"फाटलेलं चालेल. फाटणं हा अपघात. शिवणं हा बदल."

"कमाल आहे," मावशी म्हणाली. "फाटकं घालून पाठवलं तर लोक नावं मला ठेवतात."

"दुसरा सूट असेल ना?"

इंजिनिअर खाली बघायला लागला. दुसरा सूट होता, पण त्यानं तो शिक्क्याला दिलाच नव्हता. त्याची नोंद आता तरी करावी म्हणून त्याचा हात पंचबाईंच्या शिक्क्यांच्या यादीकडे गेला, तसा त्यांनी तो नुसत्या नजरेनं थांबवला.

"मावशी, उसव," भाची म्हणाली. "तुमच्या वादात माझे पाय गार होतायत."

मावशीनं पर्समधून छोटी कात्री काढली. इंजिनिअरनं हात पुढे केला, पण तिनं कात्री दिली नाही. एकेक टाका उचलून कापला, दोऱ्याचे तुकडे चिमटीत धरले, आणि सूट भाचीच्या मांडीवर ठेवला. भोक आधीपेक्षा जरा मोठं झालं होतं.

हॉल मुद्दाम तापवला होता, कारण गरम हवा विरळ असते आणि कमी अडवते. पहिल्या काही फेऱ्यांतच तो आवाज सगळ्यांना ऐकू यायला लागला. भाची समोरून गेली की खांद्यावरच्या भोकाच्या कडेची चिंधी फडफडायची, बाटलीत अडकलेल्या माशीसारखी. फलकावर ती विक्रमाच्या मागे होती, आणि दर फेरीला थोडी आणखी मागे पडत होती. इंजिनिअर फलकाकडे बघत नव्हता. पंचबाई बघत होत्या, ते त्यांचं काम होतं.

मग आवाज बारीक झाला. आणखी काही फेऱ्यांनी थांबला.

"सूट गेला," इंजिनिअर म्हणाला. "फाटला बहुतेक पूर्ण."

"चिकटला," मावशी म्हणाली. "घामानं. लहान मुलांचे शर्ट बघितले नाहीत का कधी?"

त्यानं मान वर केली. खांदा गडद झाला होता आणि त्यावर काहीही हलत नव्हतं. फलकावरची पिछाडी कमी होत होती. अर्ध्यावर आली, पाववर आली. शेवटच्या घंटेला मावशी उभी राहिली आणि तिनं इंजिनिअरची बाही धरली.

विक्रम एका सायकलच्या लांबीनं हुकला.

भाची ट्रॅकच्या आतल्या बाजूला जमिनीवरच बसली. तिला श्वास पुरत नव्हता. इंजिनिअर पंचबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "सुरुवातीच्या फडफडीत गेला," एवढंच म्हणाला. पंचबाईंनी मान हलवली, होय म्हटल्यासारखी.

"सूट जमा करायचा आहे," त्या भाचीला म्हणाल्या. "आहे तसाच."

भाचीनं ओल्या खांद्यावर हात ठेवला. चिंधी अजून कातडीला घट्ट बसली होती. तिनं ती नखानं उचलून पाहिली, सोडली. ती परत जागच्या जागी बसली.

"मॅडम, पुढच्या वेळी ओलाच घालून आले, तर चालेल?"

इंजिनिअर वळून बघायला लागला. पंचबाईंनी पेनचं टोपण लावलं, आणि त्या ओल्या खांद्याकडे बघितलं.

"पाणी," त्यांनी विचारलं, "की घाम?"