जर्मनचा गिलास

गोंदियाच्या जुन्या दारूदुकानांची सैर तिसऱ्या भट्टीत पोचली. गाइड विवेकने खिळ्यावरचा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गिलास काढून काठावर उमटलेले दात दाखवले. “गुलाब हमालाने पैज लावून एका दमात बाटली संपवली, जिंकला आणि हसत हसत इथंच मेला.” पाहुणे हसले. प्रत्येकाने त्या खुणांत दात बसवून फोटो काढला. खरं तर पैज नव्हतीच, गुलाबला दारू सोडून वर्ष झालं होतं. चौघांनी त्याला धरलं आणि आताही गल्ल्यावर बसलेल्या या शेठने गंमत म्हणून हाच गिलास भरून भरून तोंडात कोंबला होता. हे पाहिलेली सुलोचनाबाई आता दारातच चणे विकायची. जागा शेठनेच दिलेली. “मावशी, तुम्ही पाहिलंय त्याला?” एका मुलीने विचारलं. “माहा नवरा होता,” ती पुड्या बांधत म्हणाली. “मग तुमचा पण फोटो. हसा थोडं,” मुलगी म्हणाली. शेठने गिलास पुसून तिच्या हातात दिला.