काच ठोकणारी जात

विश्वजीतला जाऊन वर्ष झालं, तरी दाराजवळच्या टाकीतली त्याची मँटिस कोळंबी साळूबाईंनी जपली होती. रोज दुपारी टकटक व्हायची. आधी दोन, मग थांबून एक. लेक विश्वजीत कामावरून आला की दार असंच वाजवायचा. कोळंबीच ते शिकली, असं त्यांना वाटे. "आले रे बाबा," म्हणत त्या काचेला हात लावून बसत.

खाऱ्या पाण्याच्या बादल्या आता उचलवेनात, म्हणून आज टाकी न्यायला मत्स्यालयवाला तन्वीर आला. जात ओळखायला त्याने कोळंबी वाडग्यात घेतली.

"लई ठोकती रे ती. सांभाळशील ना?"

"मावशी, ठोकणाऱ्या जातीचे हात गदेसारखे असतात. हिचे भाल्यासारखे हायेत. ही मासा भोसकती, काच कधीच ठोकत नाय."

"मग वर्षभर रोज कोण..."

टक, टक.

कोळंबी वाडग्यात निपचित होती. तन्वीरने रिकाम्या टाकीकडे पाहिलं. साळूबाईंनी मात्र वळून दाराकडे पाहिलं. वर्षभरात या वेळी त्यांनी ते एकदाही उघडलं नव्हतं.

मग थांबून तिसरी टक झाली. फार हळू, दमल्यासारखी.